कोपरा कोणी उचलला?

भिंगरीला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. बायकोनंही नाही, आणि तिनं तर त्याच्याशी संसार केला होता. चहा उभ्यानं, जेवण निम्मं ओट्याशी, सिनेमा फार तर मध्यंतरापर्यंत. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून "आलोच" म्हणून उठला तो दुसऱ्या दिवशी परत गेला. तोवर एक कल्ला लांब, एक आखूड असा धक्क्यावर मिरवत होता. मोठ्या जहाजावर इंजिनात नोकरी लागली होती. चांगली होती. पण तिथे तासन् तास काट्यांकडे बघत उभं राहायचं, आणि काटे जागचे हलले नाहीत की याचाच जीव कासावीस व्हायचा. दिली सोडून. धक्क्यावर पत्र्याची शेड घेतली आणि बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करू लागला. इंजिन बंद पडलेलं असलं की स्वारी खुशीत. चालू झालं की पुढे काय करावं ते त्याला सुचत नसे.

त्या हिवाळ्यात मात्र बंद इंजिन बघून त्याची खुशी पळाली, कारण ताई ज्या बोटीनं इस्पितळात जायची तिचं ते इंजिन होतं.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालण्यापासून चार रट्टे देण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आता तिची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा खाडीपलीकडच्या इस्पितळात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं. त्यासाठी सकाळची पहिली बोट मिळालीच पाहिजे. यंत्राची वेळ ठरलेली, चुकली की गेली. आणि कडाक्याच्या थंडीत बोटीचं इंजिन सकाळी सुरू होईना. रात्रभरात तेल डांबरासारखं घट्ट व्हायचं. स्टार्टर नुसता कण्हायचा. एकदा बोट निघाली तेव्हा दुपार झाली होती. ताई तशीच परत आली, आणि दुसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलेलं, जिना चढताना धाप. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "हे पुन्हा झालं तर मी तुम्हाला इकडेच राहायला लावीन. इस्पितळामागे खोल्या आहेत."

"बघून आले मी ती खोली," ताई घरी येऊन म्हणाली. "खिडकी उघडली की लोकांच्या मोटारी. उरलेलं आयुष्य काय मोटारी उलट्या लावताना बघत काढू?"

"तू कुठेही जात नाहीस," भिंगरी म्हणाला. "मी हीटर लावतो."

हीटर म्हणजे रबरासारखं एक चपटं पॅड. इंजिनाच्या तळाला तेलाचं पात्र असतं, ऑइल पॅन, त्याला ते बाहेरून चिकटवायचं. बोट धक्क्याला लागली की किनाऱ्यावरची वीज जोडायची. रात्रभर तेल कोमट राहतं, सकाळी इंजिन शहाण्यासारखं चालू होतं. लावणं सोपं. लावणाऱ्याला दम असेल तर.

पहिलं पॅड त्यानं घाईघाईत थेट रंगावरच चिकटवलं. सकाळी पॅड हाताला चटका देत होतं आणि तेल मोजायच्या कांडीवरचं, डिपस्टिकवरचं, तेल थंडगार. त्यानं मीटर लावला. वीज येत होती, पॅडची तारही शाबूत होती. मग ओढून काढलं तर पॅडबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले आणि मधोमध करपल्याचा गोल डाग. रंग सुटला, आत हवा शिरली, उष्णता तेलाकडे जाण्याऐवजी जागच्या जागी पॅडलाच भाजत बसली. ही चूक त्यानं मान्य केली. ती करणारा मीच, असं चारचौघांत बोललाही. तेवढा तो सरळ होता.

दुसऱ्या वेळी सगळं यथासांग. पॉलिश पेपरनं पत्रा उघडा होईतो घासला, थिनरनं पुसला, धातू जरा शेकून घेतला, पॅड मधून कडेकडे दाबत बसवलं, पाणी शिरू नये म्हणून चारी कडांना सिलिकॉनच्या लुकणाचा जाड ओघळ दिला. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या सकाळी धक्क्यावरचा ब्रेकर, विजेचा मुख्य खटका, पडलेला. मीटर लावला तर पॅडमधली वीज इंजिनाच्या अंगात उतरत होती. एका कोपऱ्याची कड सुटली होती आणि आत खारं पाणी गेलं होतं.

"तळात पाणी साचू देतोस ना तू!" तो कप्तानावर घसरला.

कप्तान जाडजूड, आस्ते बोलणारा माणूस. घाई ही काय चीज असते ते त्याला फक्त भिंगरीकडे बघून ठाऊक होतं. "बोट आहे बाबा ही. तळात थोडं पाणी असणारच. हॉटेलची गच्ची नाही."

भिंगरीनं तळ उपसला, पंप बदलला, तिसरं पॅड लावलं. पुन्हा तेच. ब्रेकर पडलेला, कोपरा सुटलेला. मग संशयाची फेरी निघाली. सिलिकॉन शिळं असेल. पॅडच बनावट असेल. इंजिन थरथरतं. सफाईवाला झाडू घालत असेल. बायको म्हणाली, "माझं नाव राहिलं की."

"तू जातेस का तिकडे?"

"मी कशाला जाऊ? तू तिथून हलशील तेव्हा ना!"

तिसरं पॅड गेलं त्याच सकाळी ताई पिशवी घेऊन बोटीत बसली होती. कप्तान स्टार्टर मारत होता आणि इंजिन कण्हत होतं. भिंगरी इंजिनावरच्या झाकणातून निम्मा आत गेलेला, बाहेर फक्त पाय. शेवटी त्यानं गरम हवेचा पंखा लावून तेल शेकलं, बोट कशीबशी निघाली, ताईला तिची वेळ अगदी धावतपळत मिळाली. परत येताना ती केबिनमध्ये त्याच्यासमोर बसली. तो बसला नव्हताच, दाराशी उभा राहून अंगठ्याचं नख दातांनी कुरतडत होता.

"थुंक ते. काय आहे नखात?"

"काही नाही. सिलिकॉन."

"कालचं?"

"परवाचं असेल."

"परवापासून हात धुतला नाहीस?" ताई पुढे झुकली. "बघू. दाखव हात. अरे, हे तर ओलं-चिकट आहे, परवाचं कसलं! दर वेळी कोणता कोपरा सुटतो रे?"

"झाकणाकडचा."

"तोच का? पलीकडचा का नाही?"

"पलीकडे हात पोचत नाही..." भिंगरी म्हणाला आणि थांबला.

 कप्तानानं सुकाणूवरून मान वळवली आणि लगेच परत समोर केली. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं की तो हसतोय.

"मी फक्त बघत होतो," भिंगरी म्हणाला. "धरलंय की नाही. नखानं जरासं..."

"किती वेळा?"

"जरासंच, ताई."

"गुडघा फुटला की खपली धरू द्यायचा नाहीस. रोज बघायचास, बरं झालं का. शाळेची सबंध चड्डी रक्तानं भरवायचास आणि वर मलाच विचारायचास, ताई, हे भरत का नाही? ते सिलिकॉन वाळायला काय लागतं?"

"पुरता एक दिवस. हात न लावता. वीजही द्यायची नाही."

"आणि तू?"

त्यानं संध्याकाळीच वीज देऊन पाहिली होती. दोन्ही वेळा. तेही त्यानं सांगितलं, खाली बघत.

"म्हणजे रोग तूच आणि वैद्यही तूच," ताई म्हणाली. "वर बिचाऱ्या झाडूवाल्याला शिव्या."

बोटीला दोन दिवस सुट्टी होती, त्यातल्या पहिल्या सकाळी चौथं पॅड लागलं. या वेळी ताई झाकणापाशी खुर्ची टाकून बसली होती. शेवटच्या कडेचा ओघळ देऊन भिंगरी वर आला, तिनं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.

"ताई, एकदा नुसतं टॉर्चनं..."

"चल घरी."

घरी तिनं त्याला वेताच्या मोड्यावर बसवलं. हात पुढे करायला लावले आणि दोन्ही मनगटांत लोकरीची लड अडकवली. स्वतः समोर बसून गुंडी करू लागली. भिंगरीचे पाय नाचत होते, हात मात्र अडकलेले.

"आत्ता कड धरली असेल."

"हात खाली नको."

"थंडीत जरा वेळ जास्त लागतो. समजा कड सुटली तर? परवा नाही झालं चालू तर तुला त्या खोलीत..."

"मग जाईन त्या खोलीत. तू येशील बघायला, आणि तिथेही खिडकी आठ वेळा उघडशील-लावशील." ती लोकर ओढत राहिली. थोड्या वेळानं, न बघता म्हणाली, "मलाही भीती वाटते रे. म्हणून तर गुंडी करत्येय."

 भिंगरीचे पाय थांबले. क्षणभरच, पण थांबले. लड संपली तशी तिनं दुसरी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानानं धक्क्यावरची वीज जोडली. भिंगरीला त्याच्या शेडमध्ये बायकोनं अडकवून ठेवलं होतं, कसं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

पुढच्या सकाळी धक्क्यावर दवाचा बर्फ झाला होता. ब्रेकर वर होता, पडलेला नव्हता. कप्तानानं ताईकडून किल्ली घेतली, झाकण उघडून डिपस्टिक काढली, तेल बोटांत चोळलं आणि बोटं भिंगरीसमोर धरली. पातळ, कोमट. कुलूप लावून त्यानं किल्ली परत दिली ती ताईलाच.

भिंगरी दोर धरून उभा. ताई बाकावर, मांडीवर पिशवी. कप्तानानं स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्याच दणक्यात लागलं, खोकलंसुद्धा नाही. ताईनं डोळे मिटले. कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखे तिचे खांदे खाली आले.

भिंगरीनं दोर सोडला. बोट हातभर सरकली असेल नसेल, त्याची बोटं चाळवली.

"ताई! किल्ली दे ना! नुसता कोपरा बघतो!"

ताईनं कानामागे हात धरला. इंजिनाकडे बोट दाखवलं, मान हलवली: आवाजात काही ऐकू येत नाही बाबा. बोट लांब गेली तरी तिचा हात कानामागेच होता, आणि तोंड भरून हसत होती.