हॉलमध्ये उघडणारं दार

आमच्या घरातल्या सर्वांत देखण्या खोलीत आम्ही दोघी बायका कधी जात नाही. ती जिन्याखाली आहे, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. नवरा तिला पावडर रूम म्हणतो. सासरे पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, "पावडर लावायले वेगळी खोली कायले पाह्यजे?" आता तेच आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवतात.

बांधायचं ठरलं ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. आमच्या नागपूरच्या घरात संडास-बाथरूम सगळं वर. गुडघे गेलेल्या बाईने दर वेळी जिना का चढायचा, असं नवऱ्याच्या मनात आलं, हे त्याच्या बाजूने सांगून ठेवते. मग तो मोबाइलवर फोटो बघायला लागला आणि आईचे गुडघे मागे पडले. लहान जागेत गडद रंग खुलतो म्हणे. मोठा गोल आरसा लावला की खोली दुप्पट दिसते. कमोड भिंतीला टांगलेला हवा, म्हणजे खाली फरशी मोकळी राहते. नळ सोनेरी. मला टाइल्सचा रंग विचारला. मोरपंखी, मी म्हटलं, आणि त्याच दमात हेही म्हटलं की दार स्वयंपाकघराच्या बाजूला काढा, हॉलमध्ये नको.

"तिकडे फ्रिज आहे," नवरा म्हणाला.

"फ्रिज हलवता येते."

"अन् पाहुण्यांनी काय किचनमधून जायचं?"

म्हणजे गुडघे आईचे आणि दार पाहुण्यांचं. ते हॉलमध्येच उघडलं, बरोबर सोफ्यासमोर.

सासरे कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. सकाळी कूलर सुरू झाला की ते त्या सोफ्यावर बसतात. मग त्यांचे जुने सोबती येतात. राजकारण, क्रिकेट, कोणाची बायपास झाली. दुपारी तिथेच आडवे होतात. एवढ्या पुरुषांसमोरून उठून जायचं, पातळ दारामागे कडी लावून बसायचं, फ्लशचा आवाज करायचा आणि परत त्यांच्यासमोरूनच बाहेर यायचं, हे आम्हा दोघींना जमत नाही. हसायचं तर हसा. माझ्या माहेरीही बायका मागच्या दारी जाताना हातात काहीतरी धुणं घेऊनच जात. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात; या खोलीच्या बाबतीत नुसतीच असून अडचण.

सासूबाई म्हणत, "वरचे कपडे वाळले असतीन, घेऊन येते," आणि कठडा धरून एकेक पायरी चढत. आमच्या घरी कपडे दिवसातून इतक्या वेळा कसे वाळतात, हा प्रश्न एकाही पुरुषाला पडला नाही. जिना कमी चढावा लागावा म्हणून त्यांनी आणखी एक उपाय काढला होता. त्या पाणीच पीत नव्हत्या. नागपूरचा मे महिना, आणि ही बाई एका पेल्यावर संध्याकाळ करायची. मी टोकलं की म्हणायच्या, "मले तहानच नाही लागत वं."

मग थंडी वाजून ताप आला. लघवीच्या जागी इन्फेक्शन निघालं. "मावशी, पाणी काहून पीत नाही?" डॉक्टर रागावले. सासूबाई छताकडे बघत राहिल्या. सासरे बाजूलाच उभे होते.

घरी आणल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, दार फिरव. टाइल्स फुटतील, तो म्हणाला, तसा रंग पुन्हा मिळणार नाही. मग सोफा फिरव. मग टीव्ही कुठे लावायचा? या घरात फ्रिजची जागा ठरलेली, टीव्हीची जागा ठरलेली. सासूबाईंचीच तेवढी हलवता येण्यासारखी. नवरा वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायची.

पाणी पाजायचं काम सासऱ्यांनी अंगावर घेतलं. मायेने घेतलं, तेच जास्त लागतं. हॉलमध्ये बोलावून सगळ्यांसमोर पेला हातात द्यायचे आणि संपेपर्यंत बघत बसायचे. सोबती म्हणायचे, नशीबवान आहेत वहिनी.

एका सकाळी असाच पेला संपवून थोड्या वेळाने त्या उठल्या आणि जिन्याकडे वळल्या.

"पाहा," सासरे सोबत्यांना म्हणाले, "एवढी मस्त खोली बांधली हिच्यासाठी, पण हिची सवय काही जाऊन नाही राहिली."

सगळे हसले. सासूबाई अर्ध्या जिन्यात दम खात थांबल्या होत्या. मला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही सारे जण थोडा वेळ बाहेर बसा, मंग जातीन आई तिथं. तुमच्यासमोर जायची लाज वाटते त्यांले. म्हणून तर पाणी पीत नव्हत्या."

सोबती चपला शोधायला लागले. सासरे जिन्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, कळलं यांना एकदाचं. बरं वाटलं मला.

"तू चूप राह्य वं," सासूबाई वरून म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "चार माणसांत इज्जत घालवली माझी."

आता सासरे रोज सकाळी सोबत्यांना घेऊन फाटकाजवळ खुर्च्या टाकून बसतात. हॉल रिकामा असतो. सासूबाई तरीही वरच जातात. सासऱ्यांनी दिलेला पेला त्या मुकाट्याने संपवतात. मी पुढे केला की तोंड फिरवतात. माझ्या हातचं पाणी त्या घेत नाहीत.