गेममधली परी

दुपारी मेथी निवडता निवडता माझं लक्ष सहज इराकडे गेलं. इरा माझी मुलगी, सहावीत आहे. सोफ्यावर बसून ती मोबाइलवर गेम खेळत होती. मी पाहतेय हे कळताच तिने मोबाइल छातीशी उलटा धरला. माझा हात थांबला.

"कोण आहे गं?"

"परी. गेममधली मैत्रीण."

"काय म्हणतेय?"

तिने मोबाइल माझ्याकडे दिला. म्हणाली, "शाळेच्या ड्रेसमधला फोटो मागतेय. मी नाही पाठवला, तू सांगितलं होतंस ना. पण आई, ती म्हणते, मला कुणीच नाहीये, तू पण नाही म्हणालीस तर मी खूप रडेन."

दारात कुणी अनोळखी आलं, तर मी निदान साखळी लावून त्याचा चेहरा बघते. इथे चेहराच नव्हता. गुलाबी फुलपाखराचं एक चित्र होतं आणि त्यामागे कुणीही असू शकत होतं. कुणी रडत असेल तर जवळ जावं, असं मी या मुलीला लहानपणापासून शिकवत आले. आता रडण्यावरही लगेच विश्वास ठेवू नकोस, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

"मला दाखवलंस, फार बरं केलंस," असं म्हणून मी तिच्या शेजारी बसले. दोघींनी मिळून परीला ब्लॉक केलं.

इराला मोकळं वाटेल, असं मला वाटलं होतं. पण ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

"आई, ती खरंच एकटी असेल तर?"

मी तिला जवळ घेतलं.