चिपवरचा अंगारा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. नाही, तुम्ही हसणारच. निदान हातातला चहा तरी खाली ठेवा. कारण मी जो घोळ घातला, तो घालायला नुसतं अडाणी असून भागत नाही, चांगलं शिकलेलं असावं लागतं!

मी डिटेक्टर बनवतो. सौम्य क्ष-किरण ओळखणारे. नखाएवढ्या चिपवर धातूचा पातळ थर असतो. उणे दोनशे त्र्याहत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास गारठवला की तो अतिवाहक होतो, म्हणजे विजेला अजिबात अडवत नाही. त्यावर क्ष-किरणाचा एक कण पडला की थर जरासा तापतो, आणि किती तापला यावरून तो किरण कुठल्या मूलद्रव्यातून आला ते कळतं. पण धूळ बसली की संपलं. थर इतका नाजूक की पुसायचीही सोय नाही!

आठ महिन्यांत एकच चिप धड निघाली. ती बेंगळुरूहून मुंबईला चाचणीसाठी न्यायची होती. मी वाट वाकडी करून सावर्ड्याजवळच्या आमच्या गावी उतरलो. शिमगा होता हो! पालखी घरी येणार आणि मी नाही?

घरात शिरलो, चिपची डबी फडताळात ठेवली आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून सगळ्यांना दम भरला. पालखी आली, गुरवाने देवीला गाऱ्हाणं घातलं, आणि आई अंगाऱ्याची चिमूट घेऊन थेट डबीकडे निघाली.

"आये, थांब! राखेचा एक कण पडला तर माझी नोकरी जाईल!"

"अरे, देवीचा अंगारा हाय तो. वाईट काय व्हनार हाय?"

"नाय म्हणजे नाय!"

बिचारी मागे फिरली.

तेवढ्यात शेजारचे तात्या म्हणाले, "एवढं कसलं सोनं हाय त्यात? दाव की!"

आता असं म्हटल्यावर कुणाला राहवेल? सगळ्यांना चार हात लांब उभं केलं, तोंडाला रुमाल-पदर लावायला लावले, स्वतः हातमोजे चढवले आणि झाकण उघडून दहा मिनिटं व्याख्यान झोडलं.

मुंबईत चाचणी सुरू झाली. आलेखावर नको तिथे एक टोक. कॅल्शियम! शेजारी पोटॅशियम! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चिपवर राखाडी कण.

"हे काय?" आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"राख. आईने केलं असणार, मॅडम. आमच्याकडची माणसं ऐकत नाहीत हो!"

आज सांगताना लाज वाटते, पण जन्मदात्या आईचं नाव पुढे केलं मी. वर पुरावा म्हणून स्पीकरवर फोन लावला.

"आये, खरं सांग, अंगारा लावलास ना?"

"मी? नाय रे बाबू! तू नको बोल्लास म्हणून चिमूट परत ताटात टाकली."

"मग वहिनीने?"

"मी तर दारातून फोटो काढत होते, भावोजी!" वहिनी मागून ओरडली. "थांबा, पाठवते."

"पाठवा, पाठवा! आत्ता सापडेल चोर." मी फोन मॅडमसमोर धरला.

फोटो आला. आई लांब, पदर तोंडावर. तात्या त्याहून लांब. आणि मधोमध मी, हातमोजे घालून, उघड्या डबीवर ओणवा. कपाळभर गुरवाने फासलेला अंगारा, आणि नाकाच्या शेंड्यावर त्याची भुरभुर!

मॅडम बराच वेळ फोटो मोठा करकरून बघत होत्या.

आई फोनवर होतीच. "बाबू, एवढीशी राख दिसली तुज्या यंत्राला? म्हंजे बेस चालतंय की रे!"

"बरोबर बोलतायत त्या," मॅडम म्हणाल्या. "डिटेक्टरमध्ये काही दोष नाही."

मग त्यांनी अहवालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात 'अशुद्धीचा स्रोत' असा एक रकाना होता. मी 'अज्ञात' लिहायला पेन उचललं. त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं.

आजही तो अहवाल फायलीत आहे. त्या रकान्यात, माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'संशोधकाचे कपाळ.'