ब्रेकवरचा जावई

बोईसरमध्ये कोणाशी ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "कुठे असता?" राहता कुठे, हे त्यात कोणी विचारत नसतं. कंपनी कुठली आणि शिफ्ट कुठली, एवढं हवं असतं. मी सांगायचो, घरूनच काम करतो, लिहितो. समोरच्याच्या चेहऱ्यावर कळवळा यायचा आणि तो म्हणायचा, "म्हणजे सध्या ब्रेक." आमच्याकडे ठेकेदार कंत्राटी कामगाराला काही महिने झाले की मुद्दाम थोडे दिवस घरी बसवतो, तो कायम होऊ नये म्हणून. त्याला ब्रेक म्हणतात. असल्या उघड्या लबाडीवर कोणी आवाज चढवलेला मी ऐकला नाही, आणि वर मलाही लोक तिच्यात बसवून मोकळे व्हायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी ब्रेकवर एकही दिवस नव्हतो. एका कारखान्यात कागदपत्रं लिहिण्याची नोकरी होती, ती मी आपणहून सोडली. सुरुवातीला पालघरच्या एका क्लासची जाहिरातपत्रकं लिहिली, कारखान्यांच्या सूचनाफलकांचं मराठी केलं, एका हॉटेलचं मेनूकार्डसुद्धा केलं. मग पुण्या-मुंबईच्या लोकांच्या वेबसाइटसाठी लेख लिहू लागलो. सोबत माझा स्वतःचा ब्लॉग होता, इथल्या जगण्यावरचा. नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाने दिवसा झोपायचं कसं, यावरचा लेख इतक्या जणांनी एकमेकांना पाठवला की तो फिरत फिरत मलाच आला, खाली भलत्याच कोणाचं तरी नाव लावून. पाठवणाऱ्याने वर लिहिलं होतं, "वाच, कामातल्या माणसाने लिहिलंय." पण ब्लॉग वाढला, ब्लॉग वाचून कामं येऊ लागली, आणि इथल्याच सरावलीतलं आमचं घर बायकोच्या पगारावर आणि माझ्या लिखाणावर मिळून उभं राहिलं. ती औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, सकाळी कंपनीच्या बसने जाते आणि संध्याकाळी येते. तिला कोणी काही विचारत नाही.

मला मात्र सगळे आपापली कामं सांगत. रजेचा अर्ज, पोराचा बायोडेटा, वाढदिवसाच्या बॅनरवरच्या चार ओळी. "तू घरीच असतोस, दोन मिनिटांचं तर काम आहे." हाच माणूस नळ दुरुस्त करायला आलेल्याच्या बाजूला चहा घेऊन उभा राहतो, त्याला दोन मिनिटांचं काम म्हणायची त्याची छाती होत नाही.

पण खरी गंमत होती वारांची. इथल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते. शुक्रवारी बाजार भरलेला, घरोघरी पाहुणे आणि दुपारी ताणून दिलेली झोप. मला काम देणारे बाहेरचे, त्यांची सुट्टी रविवारी. त्यामुळे शुक्रवारी अख्खी बिल्डिंग घरात आणि मी खोलीचं दार लावून कामात. आलेल्यांना वाटायचं, हा माणूसघाणा आहे. आणि रविवारी अख्खं बोईसर कामावर जाताना मी पिशवी हलवत बोंबील बघत बाजारात उभा. कंपनीच्या बसच्या खिडकीतून मला रविवारी पाहिलेल्या माणसांनी माझी सगळी कुंडली मांडली आणि ती चिंचणीला माझ्या सासऱ्यांपर्यंत पोचवली.

सासरे मच्छीमारांच्या घरातले, पण तरुणपणीच होडी सोडून कारखान्यात बॉयलरवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला अहो-जाहो करतात, जावयाचा मान कधी कमी केला नाही, आणि त्यामुळेच मनातलं कधी तोंडावर आणलं नाही. मी लिहितो हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी माझ्या चष्म्यासारखं मान्य केलं होतं, असतो एकेकाला. मला एवढंच हवं होतं की या एका माणसाने माझ्या कामाला काम म्हणावं. बाकी बोईसरने काय म्हणायचं ते म्हणावं.

त्या शुक्रवारी मुंबईच्या एका प्रकाशिका बाई माझ्याशी फोनवर बोलणार होत्या. ब्लॉगमधल्या लेखांचं पुस्तक करायचा त्यांचा विचार होता. बायको बाजारात गेली होती. बोलणं रंगात आलं आणि दाराची बेल वाजली. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिली. कानातली वायर तशीच ठेवून दार उघडलं, तर मामा, आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या शर्टातला एक ठेकेदार. मी हाताने खूण केली, बसा, फोन चालू आहे. मामा बसले. ठेकेदार उभाच राहिला, माझ्या टेबलाकडे बघितलं आणि कामगारांशी बोलायच्या सवयीने मोठ्याने विचारलं, "टाइपिंग आता है ना?"

बाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, घरी कोणी आलेलं दिसतं, आपण नंतर बोलू. फोन बंद झाला.

मग कळलं ते असं. मामांनी या गृहस्थाला गाठून माझ्यासाठी शब्द टाकला होता. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लिखापढीची जागा होती. माझा फोटो आणि आधारची झेरॉक्स मामांनी आधीच देऊन टाकली होती, गेटपास दोन दिवसांत होणार होता. कंपनीच्या सेफ्टी बुटांसाठी नंबर तेवढा विचारायचा राहिला होता.

माझा तोल गेला. मी कामावर आहे, म्हणालो. आत्ता, या क्षणी मी कामावर होतो आणि तुम्ही ते मोडलंत. सूचनाफलकापासून पुस्तकापर्यंत सगळं ऐकवलं. तुमच्या बॉयलरसमोर कोणी असा येऊन उभा राहिला असता तर तुम्ही काय केलं असतं, असंही विचारलं. सासऱ्यांशी असं बोलत नाहीत हे मला कळत होतं, आणि तरी मी थांबलो नाही. ठेकेदाराला या भांडणात रस नव्हता, तो पाणी न पिताच निघून गेला.

मामा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आता उठतील आणि परत या घरात पाय ठेवणार नाहीत. ते उठले नाहीत.

"माजा बा होडीवर गेला तो आला नाय," ते म्हणाले. "आमी किनाऱ्याला उभे. इचारायचं कोनाला? कंपनीत मानसाला काय झालं तर गेटवर चार मानसं जमतात, सायबाला खाली यावं लागतं. म्हनून मी होडी सोडली. तुमी इथं दार लावून एकले. तुमाला काय झालं तर माजी पोर कुठल्या गेटवर जाईल?"

या बोलण्याचा मला आणखीनच राग आला. मागच्या वर्षी मी टायफॉइडने आडवा झालो तेव्हा माझं काम दुसऱ्याकडे गेलं होतं आणि कोणीही चौकशीचा फोन केला नव्हता. ते मी मामांना सांगितलं नाही. चहा टाकतो म्हणालो. नको म्हणाले, आणि चिंचणीची रिक्षा पकडायला खाली उतरले.

बायकोने आल्यावर सगळं ऐकून घेतलं आणि दोघांनाही नावं ठेवली. बाईंचा सोमवारी परत फोन आला आणि पुस्तकाचं ठरलं. गेटपासचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

पण त्याच आठवड्यापासून मामांचा रोज संध्याकाळी फोन सुरू झाला, जनरल शिफ्ट सुटायच्या वेळेला. नमस्कार नाही, खुशाली नाही. "सुटलात काय?" मी म्हणायचो, नाही अजून. "ओटी?" हो, म्हणायचो. "बरं," म्हणून ठेवून द्यायचे. ओव्हरटाइम करणाऱ्या माणसाशी फार बोलू नये एवढं त्यांना कळत होतं. मी वैतागायचो. बायकोला म्हणायचो, तुझ्या वडिलांना सांग, मला शिफ्ट नसते, कधी कधी मी त्या वेळेला कामाला बसतो. ती म्हणायची, तूच सांग.

मग एका संध्याकाळी पुस्तकाच्या प्रुफात डोकं घालून बसलो होतो. फोन आवाज बंद करून पलंगावर पडलेला. बायको बसमधून अजून उतरायची होती. दार वाजलं, बेल नाही, तळहाताने वाजवलेलं. मी तणतणतच उठलो. ऐन कामात पुन्हा कोणाला बॅनर हवा असणार.

दारात मामा होते. अंगातला शर्ट घामाने चिकटलेला, पायात घरातल्या चपला. मागे जिन्यात वॉचमन आणि तळमजल्यावरचे दोघे उभे. मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि चौकटीला हात टेकला.

"काय झालं, मामा?"

"शिफ्ट सुटून गेली, मानूस भायेर आला नाय," ते म्हणाले. "मग बगाया नको?"