बाहेरचा कप

जाम गावच्या चौकातल्या हॉटेलात एसटीची वाट पाहताना मी रोज चहा घ्यायचो. तिथंच तो दिसायचा, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारा, बौद्धवाड्यातला एक वयस्क माणूस. त्याच्या वस्तीतल्यांसाठी हॉटेलवाल्यानं कान तुटलेला एक कप बाहेरच्या भिंतीवर ठेवला होता. तो आधी गमछ्यानं भुवयांवरची धूळ पुसायचा, उभ्यानं चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून पालथा घालायचा.

मी पाद्री, आणि आत बाकावर बसतो, हे मला खुपू लागलं. एका सकाळी बाहेर जाऊन मी त्याच कपात चहा मागितला. प्यालो, आणि स्वतःवर जरा खूशही झालो.

तो शांतपणे बघत होता. म्हणाला, "तुमी माह्या कपात पेले, फादर. आता मी तुमच्या कपात पेतो. चाला अंदर."

आत तो माझ्या शेजारी बसला. हॉटेलवाल्यानं एकच कप आणून माझ्यापुढे ठेवला. मी तो त्याच्याकडे सरकवला. त्यानं परत माझ्याकडे सरकवला.

"तुमी नोका देऊ. त्याले देऊ द्या," हॉटेलवाल्याकडे बघत तो म्हणाला.

चहावर साय धरली. माझी एसटी आली आणि गेली. आम्ही दोघं बसूनच होतो.