थंड बॉयलर

मंडळी, इथले भुताखेतांचे अनुभव मी नेमानं वाचतो आणि मनातल्या मनात खोडूनही काढतो. वायरिंग, अर्धवट झोप, भीती, दारू... यांतलं काहीतरी सापडतंच. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. आमच्या घरात कॉलेजचं फाटक ओलांडलेला पहिला माणूस. हे मिरवायला सांगत नाही — खरं तर मिरवायलाच सांगतोय, कारण त्यामागे माझ्या वडिलांचा उजवा हात आहे.

अण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते. ऐन हंगामात सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा सुटायचा, वाफ वाया जायची, गाळप मंदावायचं. इंजिनियर साहेब म्हणाले, व्हॉल्व्हच्या दांड्यावर जादा वजन टांग, म्हणजे सुटणारच नाही. अण्णांनी नकार दिला. तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हातानं टांगलं. प्रेशर वाढत गेलं आणि काटा लाल रेघेच्या पुढे गेला, तसे साहेब शेडबाहेर पळाले. अण्णांनी उघड्या हातानं ते वजन ओढून काढलं. शेड वाचली, माणसं वाचली. अण्णांचा तळवा मात्र वाफेनं उकडून निघाला. बोटं कायमची आखडली.

चौकशीत लिहिलं गेलं — फायरमन दारू प्यायला होता आणि वजन त्यानंच टांगलं. माझे अण्णा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत! नोकरी गेली. आई खुरपं घेऊन दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायला लागली. मी तेव्हा सातवीत होतो. अण्णा वारले तेव्हाही गावात त्यांची ओळख एकच होती, 'दारूत हात भाजलेला ज्ञानू'.

आता २००७ सालचा मार्च. आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुरात राहायचो — मी, बायको सुजाता आणि आठ वर्षांची केतकी. निखिल इनामदार हा आयटीतला मित्र, त्याचा अर्णव केतकीच्याच वर्गात. निखिलचे वडील पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले म्हणून त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. श्रीखंड वाढता वाढता काकांनी आपल्या जुन्या कारखान्याचं नाव घेतलं आणि माझा घास हातातच राहिला. कारखाना अण्णांचा, आडनाव इनामदार. तेच साहेब. त्यांनी मला ओळखलं नाही. माझं आडनाव खोत आहे हे ऐकूनही नाही... फायरमनला आडनाव असतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नसावं.

घरी आल्यावर सुजाता म्हणाली, "सोडून दे रे. म्हातारा माणूस आहे, बीपीच्या गोळ्या घेतो."

"अण्णांना म्हातारं व्हायलाही मिळालं नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मीच निखिलला फोन केला. हॅमिल्टनच्या अलीकडे, पाऊण तासावर, एका मोठ्या कुरणात स्टीम फेअर, म्हणजे जुन्या वाफेच्या इंजिनांची जत्रा, भरणार होती. म्हटलं, काकांना घेऊन ये, त्यांच्या आवडीचं आहे. माझा बेत सरळ होता. बॉयलरसमोर, मुलासमोर, नातवासमोर उभं करून विचारायचं — वजन कुणी टांगलं?

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वाराही गार होता. सॉसेजचा धूर, शिट्ट्या, जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून चिखलात पळणारी पोरं. शंभर वर्षांपूर्वीची शेतीकामाची वाफेची इंजिनं, रोड रोलरचे आजोबा शोभतील अशी, डुलत डुलत चालली होती. कोळशाचा वास आला आणि मला खुंटीवरचा अण्णांचा शर्ट आठवला.

कुंपणाजवळ एक इंजिन बंद होतं. त्याचा मालक, ग्रॅहम नावाचा म्हातारा, मुलांना म्हणाला, "किआ ओरा! याला हात लावा खुशाल, एकदम थंड आहे."

केतकीला मी अण्णांची रीत शिकवली होती : लोखंडाला आधी उलटा हात लावायचा. तळवा लावला आणि लोखंड तापलेलं निघालं, तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. तिनं उलटा हात लावून पाहिला.

"इट्स फ्रीझिंग, डॅड!" म्हणाली आणि दोन्ही तळवे, गाल, सगळं बॉयलरला टेकवून उभी राहिली.

काका नातवाला समजावत होते. "हा बघ, सेफ्टी व्हॉल्व्ह. आमच्याकडे एक बेवडा फायरमन होता. आला ढोसून, आणि यावरच वजन टांगलं गाढवानं! तुझा आजोबा होता म्हणून कारखाना वाचला. काय?" आणि घरच्या बैलाला मारावी तशी त्यांनी बॉयलरवर उजव्या हातानं थाप मारली.

मी तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते...

काका किंचाळले. हात निघेना. दोन-तीन सेकंद असतील, पण तळवा लोखंडाला चिकटल्यासारखा, आणि तोंडातून एकच — "वजन काढ! ज्ञानू, वजन काढ! मी टांगलंय ते... मीच... काढ, ज्ञानू!"

त्यांच्यापासून फूटभर अंतरावर केतकी गाल टेकवून त्यांच्याकडे बघत होती. तिला काहीच होत नव्हतं.

मी केतकीला मागे ओढलं. काकांना नाही. त्यांना निखिलनं खेचलं. मी बघत उभा राहिलो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सुजाता नर्स आहे. नळाखाली त्यांचा हात धरून ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "वाफेनं भाजलंय रे हे. ताजं आहे." तळव्याची सालडी सुटली होती.

ग्रॅहमचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं भट्टीचं दार उघडून दाखवलं. आत पक्ष्याचं वाळकं घरटं. "दोन वर्षं पेटवलेलं नाही, मेट. पाणीसुद्धा नाही आत." मी बॉयलरवर उलटा हात लावला. मग तळवा. लोखंड गारढोण होतं.

"बाबा, ज्ञानू कोण?" निखिलनं विचारलं.

"ज्ञानदेव खोत. माझे वडील," मी म्हणालो. "सांगा त्याला, काका. वजन कुणी टांगलं?"

"मी." त्यांची नजर गवतात होती.

"आणि दारू?"

"ती... चौकशीत घातली. पीत नव्हता तो."

"सो ग्रँडपा लाइड?" अर्णवनं विचारलं. परतीच्या वाटेवर निखिलची गाडी आमच्या पुढे होती आणि पापाकुरापर्यंत तिच्या मागच्या काचेतून मला दिसलं, बापलेकांनी एकदाही एकमेकांकडे मान वळवली नाही. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

इतकी वर्षं मी कारणं शोधतोय. उन्हानं तापलं म्हणावं तर ऊन नव्हतं. शेजारच्या इंजिनाची वाफ म्हणावी, तर सर्वांत जवळचं इंजिन वीस पावलांवर होतं. मनाचा धक्का म्हणावा, तर मनाच्या धक्क्यानं सालडी सुटत नाही. माझी डिग्री इथं उपयोगाला येत नाही, हे कबूल करतो.

आणि एक गोष्ट राहिली. त्या संध्याकाळी मी गावी आईला फोन लावला. तिकडे दुपार होती. एवढंच सांगितलं, "आई, इनामदार साहेब भेटला. सगळ्यांसमोर कबूल झाला." हाताबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

आई शांतपणे म्हणाली, "भाजला त्यो उजवाच न्हवं रं?"

मी हो म्हणालो.