घोड्याला लागलेला हात

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, भावाला नाही, देवापुढेही कधी बोललेलो नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच असेल.

गोष्ट म्हटली तर बुद्धिबळाची. कल्याणच्या आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी आम्ही जलद डाव खेळायचो. बुद्धिबळाची खास घड्याळं आमच्याकडे कुठली? वाचनालय सांभाळणारे नाना खिशातलं घड्याळ हातात धरून मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजत. दहाच्या आत चाल झाली नाही तर डाव गेला. आणि एक नियम कडक — ज्या मोहऱ्याला हात लागला, तोच हलवायचा.

मला ते आकडे सोसत नसत. सहा-सात ऐकू आलं की हात दिसेल त्या मोहऱ्याकडे जायचा. घरी मी बरा खेळायचो हो — पण घरी कोण बघतंय?

त्या दिवशी समोर सखाराम होता. जवळच्या मोहने गावातल्या नव्या कारखान्यात कामाला, चौथी शिकलेला, आमच्यात नुकताच येऊ लागलेला. जो जिंकेल तो ठाण्याच्या मंडळींशी सामना खेळायला जाणार होता. मी मास्तरांचा मुलगा, कॉलेज केलेला. त्याच्याकडून हरायचं? — असं मी मनातसुद्धा स्पष्ट म्हटलं नव्हतं. पण होतं ते मनात.

नानांनी सात म्हटलं आणि माझी बोटं घोड्याला टेकली. टेकली कसली, चांगला चिमटीत धरला — आणि तेव्हा दिसलं, घोडा हलला की मागचा वजीर उघडा, थेट त्याच्या हत्तीच्या तोंडी. चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि नऊला प्यादं पुढे ढकललं.

“घोड्याला हात लागला तुमचा,” सखाराम म्हणाला.

“नाही लागला.”

नानांची नजर घड्याळावर होती, बाकीचे पलीकडच्या डावात गुंग. नाना त्यालाच म्हणाले, “मास्तरांचा मुलगा खोटं कशाला बोलेल? हरायला लागलं म्हणून आळ घेऊ नये माणसाने.” आणि मी? मी पटाकडे बघत बसलो. सखारामचा चेहरा उतरला. पुढे भलत्याच चाली करून तो हरला.

ठाण्याला जाऊन मी सडकून मार खाल्ला. त्याने काही फिटलं असं समजू नका, तिथे मी एरवीही हरलोच असतो. आणि मला सांगायचंय ते हेही नव्हे — ते ठाण्याला जायच्या आधीचं आहे.

त्या डावाच्या पुढच्याच रविवारी सखाराम आला तो थेट माझ्यापाशी. सगळ्यांदेखत म्हणाला, “रात्रपाळी करून आलेलो त्या दिवशी. डोळ्यांवर झोप होती, माझ्याच बघण्यात चूक झाली असणार. मनात ठेवू नका.”

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे रे, होतं असं,” म्हणालो. नानांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं — आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

त्यानंतरही सखाराम यायचा, पण खेळायला बसायचा नाही. कुणी आग्रह केला तर हसून सांगायचा, “नको, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाय.” मी तिथेच असायचो, दर रविवारी, चार पावलांवर — आणि ऐकायचो.